शोधनिबंधलेखन, संगणकशास्त्रातील

संगणकशास्त्रात हाती आलेली नवी सिद्धता, रीत, प्रणाली किंवा निरीक्षण इतर संशोधकांना तपासता यावे आणि त्यावर पुढचे काम उभारता यावे अशा प्रकारे लेखी मांडणे, याला या क्षेत्रातील शोधनिबंधलेखन म्हणतात. बहुतेक विज्ञानशाखांत नियतकालिकांना जे स्थान आहे ते संगणकशास्त्रात मोठ्या प्रमाणावर परिषदांना आहे. ठरलेल्या तारखेच्या आत निबंध पाठवायचा, पानांची मर्यादा पाळायची, तीन-चार परीक्षकांची मते यायची आणि स्वीकार झाला तर परिषदेत तो सादर करायचा, असा हा क्रम असतो. पीएच.डी.च्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील किंवा एम.टेक.चा प्रबंध करणाऱ्या नवख्या संशोधकाला लेखन हे संशोधन संपल्यावरचे काम वाटते. प्रत्यक्षात तो संशोधनाचाच भाग आहे, कारण नेमके काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही हे पुष्कळदा लिहायला बसल्यावरच कळते.

गोव्यात हे काम ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात (स्थापना १९८५), झुआरीनगर येथील बिट्स पिलानीच्या के. के. बिर्ला गोवा परिसरात (२००४), आता कुंकळ्ळी येथे असलेल्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (२०१०) आणि फर्मागुडी येथे सुरू झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (२०१६) चालते. सैद्धांतिक संगणकशास्त्रासाठी १९८१ पासून दरवर्षी भरणाऱ्या एफएसटीटीसीएस या भारतीय परिषदेचे २०२० चे यजमानपद झुआरीनगरच्या परिसराकडे होते. महासाथीमुळे ती दूरस्थ पद्धतीने भरली. राज्य लहान असल्यामुळे अगदी आपल्याच विषयावर काम करणारा दुसरा गट जवळपास मिळणे कठीण असते. मात्र मसुदा वाचून घेण्याच्या दृष्टीने ही उणीव मानण्याचे कारण नाही. ताळगावच्या विद्यार्थ्याचा मसुदा झुआरीनगरच्या, वेगळ्या विषयातील विद्यार्थ्याने वाचला, तर तो नेमका तिथेच अडखळतो जिथे परीक्षक अडखळणार असतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे आधीपासून ठाऊक असल्याने तो पुढे वाचत जातो.

निबंधाचा कणा म्हणजे त्यातील दावा. तो एक-दोन वाक्यांत मावेल, खोटा ठरू शकेल आणि परक्याला पडताळता येईल असा असावा लागतो. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये प्रसृत केलेला निबंध या बाबतीत आदर्श मानावा असा आहे. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे यादृच्छिक निवडीचा आधार न घेता बहुपदी कालात, म्हणजे संख्येतील अंकांच्या संख्येच्या एखाद्या ठरावीक घाताच्या प्रमाणातच वाढणाऱ्या वेळात, ठरवता येते, हा त्यांचा दावा इंग्रजी शीर्षकाच्या चार शब्दांत पूर्ण येतो. कयाल आणि सक्सेना यांनी त्या वेळी नुकतीच बी.टेक. पदवी घेतली होती. निबंध प्रसृत झाल्यावर हेंड्रिक लेन्स्ट्रा यांच्या सूचनेने सिद्धता आणखी सोपी झाली आणि सुधारलेला मजकूर २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ मांडणी स्वच्छ होती म्हणूनच परक्या गणितज्ञाला तिच्यात हात घालून सुधारणा सुचवता आली, हे या प्रसंगातून विशेष लक्षात घ्यावे.

दावा कसा घडत जातो हे गोव्यातील नित्याच्या एका प्रश्नावरून दाखवता येईल. समजा, एखादी विद्यार्थिनी देवनागरीत लिहिलेले छोटे वाक्य कोंकणी आहे की मराठी हे ओळखणारी प्रणाली तयार करीत आहे. गोव्यात दोन्ही भाषा एकाच लिपीत, एकाच माणसाच्या फोनवर शेजारी शेजारी येत असल्याने हा प्रश्न कृत्रिम नाही. तिच्या मसुद्याचे पहिले वाक्य बहुधा ‘आम्ही भाषा ओळखणारी एक नावीन्यपूर्ण आणि कार्यक्षम प्रणाली मांडतो’ असे असेल. या वाक्यात खोटे ठरू शकेल असे काहीच नाही, म्हणून त्यात दावाही नाही. आता ‘म्हजें घर म्हापशां आसा’ आणि ‘माझे घर म्हापशात आहे’ ही दोन वाक्ये समोर ठेवली तर कोंकणीतील शब्दांच्या शेवटी येणारा अनुस्वार डोळ्यांत भरतो. तेव्हा मोठे भाषाप्रारूप, म्हणजे पुष्कळ मजकुरावरून भाषेची वळणे शिकलेला प्रोग्राम, चालवण्याआधी, केवळ शेवटचे अनुस्वार मोजणाऱ्या दहा ओळींच्या प्रोग्रामला किती वाक्ये ओळखता येतात हे पाहणे भाग आहे. अशा साध्या रीतीशी तुलना न करता दिलेल्या अचूकतेच्या आकड्याला अर्थ नसतो, आणि अनुभवी परीक्षक तक्त्यात सर्वांत आधी तीच ओळ शोधतो.

याच उदाहरणात दोन खोल खड्डे आहेत. पहिला खड्डा सामग्रीचा. कोंकणी वाक्ये एका दैनिकातून आणि मराठी वाक्ये दुसऱ्या दैनिकातून घेतली असतील, तर प्रारूप भाषा न शिकता त्या दैनिकांची मथळे लिहिण्याची पद्धत, तारखेची मांडणी किंवा विरामचिन्हे शिकते. एकाच बातमीतील काही वाक्ये शिकवण्याच्या संचात आणि काही चाचणीच्या संचात गेली, तर आकडा आणखी फुगतो. म्हणून संच वाक्यांनुसार न तोडता स्रोतांनुसार तोडावे लागतात आणि ते कसे तोडले हे निबंधात स्पष्ट लिहावे लागते. दुसरा खड्डा इतिहासाचा आहे. मराठीतील व्युत्पत्तीने येणारे बहुतेक अनुस्वार १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी गळाले. त्याआधीच्या छापील मराठीत हेच वाक्य ‘माझें घर म्हापशांत आहे’ असे आढळते. अनुस्वारावर भिस्त ठेवणारी प्रणाली या वाक्याला कोंकणी ठरवील. विद्यार्थिनीने ही चूक स्वतः शोधून काढली आणि ‘आजच्या लेखनातील दहा शब्दांपर्यंतच्या वाक्यांत साधी रीत मोठ्या प्रारूपाच्या बरोबरीने चालते, १९६२ पूर्वीच्या मराठीवर मात्र ती निरुपयोगी ठरते’ असे काही तिला प्रयोगांती म्हणता आले, तर तिच्या हाती खरा दावा आला. मर्यादा सांगितल्याने निबंध दुबळा होतो ही समजूत नवख्यांत फार आढळते आणि ती चुकीची आहे. मर्यादा ठाऊक असलेल्या दाव्यावरच दुसऱ्याला विसंबता येते.

गोव्यातील अनेक विद्यार्थ्यांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोंकणीतून झालेले असते, निबंध मात्र इंग्रजीत लिहावा लागतो. त्यामुळे मसुदा कच्चा राहिला की दोष इंग्रजीला दिला जातो. बहुतेक वेळा दोष विचारात असतो. आपला दावा मराठीत, विषय न जाणणाऱ्या मित्राला चहाच्या टेबलावर दोन वाक्यांत सांगून पाहावा. तो तिथेही नीट येत नसेल तर भाषा सुधारून उपयोग नाही, प्रयोगाकडे परत जावे लागते. तो आला, तर त्याच क्रमाने इंग्रजी वाक्ये लिहावीत, आखूड लिहावीत आणि एका संकल्पनेला निबंधभर एकच शब्द ठेवावा. शाळेतील निबंधात पुनरुक्ती टाळायला शिकवलेले असते. इथे शब्द बदलला की वाचकाला वस्तूच बदलल्यासारखी वाटते.

लिहिण्याचा क्रम छापील क्रमापेक्षा वेगळा ठेवणे सोयीचे पडते. आधी मुख्य तक्ता किंवा आकृती रिकाम्या रकान्यांसह आखावी, म्हणजे कोणते प्रयोग खरोखर लागतात हे उघड होते. मग रीत आणि निष्पत्ती लिहावी, प्रस्तावना त्यानंतर, आणि गोषवारा सर्वांत शेवटी. आकृतीखालची ओळ अशी असावी की केवळ आकृती पाहणाऱ्यालाही निष्कर्ष समजावा. अक्षरजुळणीसाठी या क्षेत्रात डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेली लेटेक प्रणाली रूढ आहे आणि परिषदा तिचे तयार साचे पुरवतात.

पूर्वीच्या कामाचा आढावा ही औपचारिकता नाही. गोव्यात कोसबें येथे १९०७ मध्ये जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. यादृच्छिक प्रक्रियेचे लंबकोनी फलांच्या श्रेणीत विस्तारण करण्याचा हा सिद्धांत पुढे कारुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावांनी जगभर रूढ झाला, आणि कोसंबींचे नाव त्याला जोडण्याची पद्धत त्या मानाने उशिरा आली. हा सिद्धांत संकेतप्रक्रियेत आणि प्रतिमांच्या संक्षेपणात आजही पायाभूत आहे. गोव्यातील संशोधकाला हे उदाहरण जवळचे वाटावे: शोध घेताना प्रसिद्ध परिषदांपुरते न थांबता भारतीय नियतकालिके आणि प्रबंधही चाळावेत. वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीने गोवा विद्यापीठात विकसित झालेल्या कोंकणी शब्दजालाची (शब्दांमधील अर्थसंबंध नोंदवणाऱ्या संगणकीय कोशाची, इंग्रजीत ‘वर्डनेट’) दखल घेतली नाही, तर तो आढावा अपुराच म्हणावा लागेल. उल्लेख केलेला प्रत्येक निबंध स्वतः उघडून पाहणेही अनिवार्य आहे, कारण मजकूर लिहून देणारी आजची साधने अस्तित्वात नसलेले संदर्भ खऱ्यासारखे रचतात.

बऱ्याच परिषदांत परीक्षण दुहेरी अनामिक असते, म्हणजे लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावे कळत नाहीत. त्यामुळे स्वतःच्या आधीच्या कामाचा उल्लेख तृतीय पुरुषात करावा लागतो. ‘आमच्या विभागाने तयार केलेले कोंकणी शब्दजाल’ या सहा शब्दांनी अनामिकता संपते. शेवटची मुदत पुष्कळदा पृथ्वीवरील सर्वांत मागच्या कालपट्ट्याप्रमाणे दिलेली असते. त्या हिशेबाने मध्यरात्रीची मुदत भारतात दुसऱ्या दिवशी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. हा वाढीव दिवस नवे प्रयोग करण्यासाठी नसून मजकूर मोठ्याने वाचून तपासण्यासाठी आहे असे धरून चालावे.

नकार आला तर त्यात योगायोगाचाही वाटा असतो. तेव्हा निप्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रशिक्षणाच्या परिषदेने २०१४ मध्ये १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले, तेव्हा ४३ निबंधांबाबत दोन्ही समित्यांचे निर्णय परस्परविरुद्ध आले. तरीही परीक्षकाचा गैरसमज लेखकाने स्वतःच्या पानावर शोधावा. ‘परीक्षकाने वाचलेच नाही’ असे वाटले की ती गोष्ट कोणत्या पानावर, कितव्या परिच्छेदात लिहिली होती ते पाहावे. पुष्कळदा ती सहाव्या पानाच्या तळाशी सापडते. उत्तरात वाद न घालता विचारलेला प्रयोग करून त्याचा आकडा द्यावा, किंवा तो का करता येत नाही हे सांगावे.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत आणि त्यांत साम्याच्या प्रमाणानुसार कारवाईचे स्तर ठरवलेले आहेत. पीएच.डी.साठी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत राहिलेली नाही, मात्र संस्था आपले स्वतंत्र नियम ठेवू शकतात. सक्तीच्या काळात पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. त्यांत गेलेला चांगला निबंध वाया जातो, कारण या क्षेत्रातले कोणी तिथे वाचायला जात नाही आणि एकदा प्रसिद्ध झालेले काम दुसरीकडे पाठवता येत नाही. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे हाही गंभीर गैरप्रकार समजला जातो.

स्वीकारानंतर अंतिम प्रत देताना प्रोग्राम, सामग्री आणि ती मिळवण्याची रीत सोबत ठेवण्याची प्रथा आता दृढ होत आहे. कोंकणी-मराठीच्या उदाहरणात, स्रोतांची यादी, संच तोडणारा प्रोग्राम आणि प्रणालीने चुकीची ओळखलेली सर्व वाक्ये परिशिष्टात दिली, तर पणजीच्या ग्रंथालयातील जुन्या मराठी अंकांवर काम करणारा पुढचा विद्यार्थी त्या वाक्यांपासूनच सुरुवात करू शकतो.