नॉमिनी कोण आणि वारस कोण?

घरातलं माणूस गेल्यावर बँकेत पहिला प्रश्न येतो, 'नॉमिनी कोण?' नाव सांगितलं की पैशाचा प्रश्न मिटला असं बऱ्याच घरांत धरून चालतात. प्रत्यक्षात मिटतो तो बँकेचा प्रश्न. रक्कम कोणाच्या हातात दिली म्हणजे आपण मोकळे, एवढंच तिला बघायचं असतं. ती रक्कम कोणाची, हे मृत्युपत्रावरून ठरतं आणि मृत्युपत्र नसेल तर त्या कुटुंबाला लागू असलेल्या वारसा कायद्यावरून.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निकाली काढलेलं एक प्रकरण बघा. एका गृहस्थांच्या प्रत्येकी १०,००० रुपयांच्या दोन विमा पॉलिसी होत्या आणि नॉमिनी होती बायको. मृत्युपत्र न करताच ते गेले. मागे बायको, अज्ञान (अल्पवयीन) मुलगा आणि आई. बायकोचं म्हणणं, फॉर्मवर माझं नाव आहे तेव्हा सगळे पैसे माझे. सासू आणि मुलगा यांनी प्रत्येकी एक तृतीयांश हिश्श्यासाठी दावा लावला. न्यायालयाने त्यांचंच म्हणणं उचलून धरलं: विमा कंपनीकडून पैसे घ्यायचा अधिकार नॉमिनीचा, पण त्यावर हक्क वारसांचा.

यातली आई लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, समान हिश्श्याचे. वडील दुसऱ्या वर्गात. बायको आणि मुलं बसून वाटणी ठरवतात आणि आजीला कोणी विचारतही नाही, हे सर्रास चालतं. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या बाबतीतही तेच.

विम्याचे नियम २०१५ मध्ये बदलले. स्वतःच्या आयुष्याच्या पॉलिसीला आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर रकमेवर लाभाचा हक्क त्याचाच, असं कलम आलं. मात्र त्या कलमाचा अर्थ सगळी न्यायालये एकसारखा लावत नाहीत. शेअर्सच्या बाबतीत तशी सूट नाही. नॉमिनेशनमुळे वारसा कायदा बाजूला पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

मग नॉमिनी नेमायचाच कशाला? कारण नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि क्लेम फॉर्म एवढ्यावर काम होतं. कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत दावा निकाली काढा, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेलं आहे. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावं लागू शकतं, आणि त्यात महिने जातात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. ते टक्के बँकेने पैसे कसे द्यायचे यासाठी असतात. वारसांची वाटणी त्यांनी होत नाही.

एक गोष्ट मात्र टाळाच. एटीएमचा पिन माहीत आहे म्हणून गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढू नका. नॉमिनीलाही तो अधिकार नाही, आणि उद्या भावंडांत बिनसलं की पासबुकातल्या त्या नोंदींच्या तारखा आणि मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख शेजारी ठेवून बघितल्या जातात.

सोसायटीतल्या फ्लॅटचं महाराष्ट्रात काय होतं? २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्था कायद्यात हे बरंच स्वच्छ झालंय. वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. मेंटेनन्सची बिलं त्याच्या नावाने येऊ लागतात आणि दोन वर्षांत तोच म्हणू लागतो, 'फ्लॅट माझ्या नावावर झालाय.' तसा तो झालेला नसतो.

शेतजमिनीला नॉमिनी हा प्रकारच नाही. तिथे तलाठ्याकडे वारसांची वर्दी तीन महिन्यांत द्यायची. नोंद गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत होते आणि फेरफार मंजूर झाल्यावर सातबारावर नावं चढतात.

सगळ्या वारसांना घर आईच्याच नावावर हवं असेल, तर सोसायटीला किंवा बँकेला दिलेलं ना-हरकत पत्र पुरत नाही. बाकीच्यांनी आईच्या लाभात हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. वारसांत कोणी अज्ञान असेल तर त्याच्या हिश्श्यावर आईलाही परस्पर सही करता येत नाही. आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते.