चापाला बोट न लागता उडालेला बार

खानापूर तालुक्यात भात पोटरीला आलं की रानडुकरं आणि गवे शिवारात उतरतात. राखणीला माळ्यावर बसलेल्या शेतकऱ्याजवळ पुष्कळदा पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. बेळगाव, चिकोडी, निपाणीत बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभा असलेला पहारेकरी बहुधा माजी सैनिक. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रच बेळगावात असल्यानं असे जवान गावोगाव आहेत. या दोन्ही बंदुकांचे अपघात होतात, आणि त्यांत माणूस जखमी व्हायला दोन गोष्टी एका क्षणी जुळाव्या लागतात: बार उडणं आणि नळीचं तोंड माणसाकडे असणं. पहिली गोष्ट शंभर टक्के टाळता येत नाही. दुसरी येते.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजानं, म्हणजे लांब सळईनं, ठासून भरतात. घोडा मागे ओढायचा आणि चाप दाबला की तो निपलवरच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवरच्या, स्फोटक टोपीवर आदळतो. टोपीची ठिणगी आतल्या दारूला पोचते. आता घोडा पूर्ण ओढलेला नाही, टोपीवर नुसता टेकलेला आहे असं धरा. बंदूक माळ्यावरून निसटून घोड्यावर पडली, तर तेवढा दणका टोपीला पुरतो. झुडपातून जाताना फांदीनं घोडा अर्धवट मागे ओढून सोडला तरी तेच. दोन्हीत चापाला कुणाचं बोटही लागलेलं नसतं. यासाठी घोड्याला अर्धी खाच असते: अर्धवट मागे ओढलेला घोडा तिथं अडकून टोपीपासून दूर राहतो. पण जुन्या बंदुकीत तिची कड झिजून गोल होते आणि घोडा तिथून घसरतो. पावसात ओल्या अंगठ्यानं घोडा हळूच उतरवणं हाही नेहमीचा धोका. म्हणून टोपी सगळ्यात शेवटी, माळ्यावर बसल्यावर लावावी आणि उतरण्याआधी काढावी. टोपी नसेल तर घोडा कितीही आदळो, बार होत नाही.

ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूचा आणखी एक दोष आहे. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राख-काजळी म्हणून मागे राहतो आणि त्यात निखाऱ्याचा कण धुमसत राहू शकतो. एक बार काढून लगेच डब्यातून थेट दारू ओतली, तर हातातला डबाच पेटतो. ओल्या चिंधीनं नळी पुसून, मापात मोजून घेतलेली दारूच आत घालावी. टोपी फुटली पण बार झाला नाही, तर बंदूक निदान दोन मिनिटं मोकळ्या दिशेलाच धरून ठेवावी. आतली दारू उशिरानं पेट घेऊ शकते.

दुनळीची गोष्ट वेगळी. बाहेरून घोडा न दिसणाऱ्या दुनळीत नळी मोडताना, म्हणजे काडतुसांसाठी ती बिजागरीवर खाली वाकवताना, आतले घोडे ताणले जातात आणि बंद केल्यावर ताणलेलेच राहतात. सेफ्टी कॅच बहुतेक साध्या बंदुकांत फक्त चाप अडवतो. घोडा मात्र सिअर नावाच्या छोट्या कडीच्या टोकावर तोललेला असतो. ते टोक झिजलं असेल, तर बंदूक पडल्यावर कडी खाचेतून उडते आणि सेफ्टी लावलेली असूनही बार सुटतो.

शरीरशास्त्रही इथं लागू पडतं. रॉजर इनोका या अमेरिकन संशोधकानं चाप नकळत ओढला जाण्याची तीन कारणं मांडली: तोल जाणं, दचकणं, आणि एका हाताची मूठ आवळताना दुसऱ्या हाताचीही आवळली जाणं. दीड-दोन किलोच्या ओढीला सुटणारा चाप अशा आवळण्याला सहज पुरतो. कितीही सराव असला तरी हे थांबवता येत नाही. बोट चापाच्या कडीबाहेर, बंदुकीच्या अंगावर सरळ टेकलेलं असेल, तर आवळलेली मूठ निरुपद्रवी ठरते.

बँकेत काडतुसं काढायची जागा ठरलेली हवी. फरशीकडे तोंड करणं सुरक्षित वाटतं, पण ग्रॅनाइटवर आपटलेले छर्रे जमिनीलगत सरपटत दूर जातात. बारा बोअरच्या एका काडतुसात सुमारे ३२ ग्रॅम शिसं असतं आणि ते सेकंदाला ३५० मीटरहून अधिक वेगानं निघतं. दोन फूट खोल वाळूच्या पेटीत तोंड धरून नळी मोडावी, दोन्ही काडतुसं काढावीत आणि उजेडाकडे धरून नळीच्या आरपार पाहावं. बंद करताना दस्ता वर आणावा, म्हणजे नळ्या खालीच राहतात.

ठासणीच्या नळीतून असं आरपार दिसत नाही. तिथं टोपी काढून गज चिमटीत धरून हलकेच आत सोडावा. तळहात किंवा चेहरा तोंडासमोर येऊ देऊ नये. नळीच्या तोंडाशी गजावर नखानं खूण धरून तो बाहेर काढावा आणि नळीला समांतर ठेवावा. टोक निपलपाशी पोचलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडे राहिलं तर आत बार भरलेला आहे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला नेतात. तेव्हा घर सोडण्याआधी ही तपासणी करायलाच हवी. महिनोन्महिने आढ्याला टांगलेली बंदूक भरलेली आहे की नाही, हे तिच्या मालकालाही आठवत नसतं. भरलेली निघाली तर टोपी न लावता नळीत पाणी ओतावं. दारू पुरती भिजली की गजाला स्क्रू लावून आतला बोळा, छर्रे आणि लगदा जाणत्या माणसाकडून उपसून घ्यावा.