ऑइल पेंट वाळत नाही, तो विणला जातो

चित्रकार गोयाचं एक ऑइल पेंटिंग आहे, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये, 1788 चं. संत फ्रान्सिस बोर्जा एका मरणाऱ्या माणसाच्या पलंगाशी उभा आहे, हातात क्रूस, पण तो माणूस काही केल्या पश्चात्ताप करत नाही आणि मागे भुतं टपून बसलीयेत. क्रूसातून रक्ताची चिळकांडी उडतेय. एका उमराव घराण्याने ते करून घेतलं, बोर्जा त्यांचा पूर्वज. (आपल्या गोव्यातले सेंट झेवियर आणि हा बोर्जा जेझुइट या एकाच ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाचे.)

हे चित्र एका ओळखीच्या मुलीला दाखवलं तर तिने विचारलं, तेल तर उडून जात नाही, मग ऑइल पेंट वाळतो कसा? मला हा प्रश्न फारच आवडला, कारण बहुतेकांना वाटतं की कपडे वाळतात तसाच रंग वाळतो. पण इथे काही उडून जायच्या आधी हवेतला ऑक्सिजन आत येतो, आणि सुरुवातीला तर रंगाचं वजन चक्क वाढतं!

युरोपातले चित्रकार मुख्यतः जवसाचं तेल वापरायचे, हो, आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. तेलाच्या प्रत्येक रेणूला मेदाम्लाच्या तीन लांब साखळ्या असतात आणि जवसात निम्म्याहून जास्त साखळ्यांमध्ये तीन-तीन दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बन एकमेकांना दोन जोडांनी धरलेले. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो त्याचा हायड्रोजन अगदी सैल धरलेला, तो निघाला की कार्बनवर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो, तिथे लगेच ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि तो शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो, मग ती साखळी मोकळी, परत ऑक्सिजन, असं चालूच राहतं. यातून जे पेरॉक्साइड (ऑक्सिजनची जोडी असलेले कच्चे रेणू) बनतात ते फुटतात आणि त्यांचे तुकडे शेजारच्या साखळ्यांना जोडले जातात. प्रत्येक रेणूला तीन हात असल्यामुळे शेवटी सगळ्याचं मिळून एक जाळं होतं आणि रंगाचे कण त्यात अडकून बसतात. शिशाचा सफेता, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, हे विणकाम आणखी वेगाने करवतो, म्हणून तो घातलेला रंग लवकर घट्ट होतो. बोटाला लागेनासा व्हायला काही दिवस पुरतात, आतून पक्का व्हायला मात्र वर्षं जातात.

गॅसमागच्या टाइल्सवर जो चिकट थर बसतो ना, तो याच प्रक्रियेचा, फक्त शेंगदाणा किंवा सोयाबीनच्या तेलात असे बंध कमी म्हणून जाळं अर्धवट राहतं आणि हाताला चिकटतं. खोबरेलात ते जवळजवळ नसतातच, थंडीत थिजतं ते वेगळं.

क्रूसातलं ते रक्त गोयाने ब्रशने काढलंय, तो त्याच्या कल्पनेचा भाग. पण मूर्ती खरंच रडते, दूध पिते असं कोणी सांगितलं तर 1995 मध्ये गणपती दूध पितो म्हणून लागलेल्या रांगा आठवा. चमच्यातलं दूध पृष्ठताणाने वर ओढलं जायचं आणि मूर्तीवरून खाली ओघळायचं, सगळ्यांसमोर.

आणि हो, घरी कोणी ऑइल पेंटिंग करत असेल तर जवसाच्या तेलाने माखलेले कापडाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन जोडला जाताना उष्णता निघते. कॅनव्हासवर ती हवेत निघून जाते, ढिगात अडकते आणि बोळे काडी न लावता पेटतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा.