नैसर्गिक वस्त्रांची धुलाई व निगा

सुती, लिनन, रेशमी व लोकरी वस्त्रे त्यांचा पोत, रंग आणि बळकटी न बिघडवता स्वच्छ करण्याची व सांभाळून ठेवण्याची रीत. धागा वनस्पतीपासून मिळालेला आहे की प्राण्यापासून, यावर या रीतीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट ठरते. कापूस व लिनन हे वनस्पतीपासून मिळणारे, सेल्युलोजचे धागे आहेत. ते ओले झाल्यावर अधिक बळकट होतात आणि धुण्याचा सोडा, गरम पाणी व चोळणी सहन करतात. रेशीम व लोकर हे प्राण्यापासून मिळणारे, प्रथिनांचे धागे असून ओले असताना दुबळे होतात, आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने झिजतात. म्हणून धोतर ज्या सोड्याने पांढरेशुभ्र निघते, त्याच सोड्याने पैठणी कायमची खराब होते.

नाशिकमधील सोवळ्याच्या जुन्या आचारात हा फरक स्पष्ट दिसतो. सुती वस्त्र सोवळ्यात वापरायचे तर ते रोज धुऊन वाळवावे लागे. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी मात्र रोज धुवावी लागत नसे. या नियमामागची भावना धार्मिक होती, तरी त्यामुळे नाजूक धाग्याची झीज टळली, हे नाकारता येत नाही. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात जाणारे पुरुष आजही रेशमी सोवळे नेसतात. असे ओले सोवळे पिळू नये. टॉवेलात गुंडाळून हलके दाबावे आणि सावलीत वाळवावे, कारण कडक उन्हाने रेशीम पिवळे पडते व विरते.

जिल्ह्यातील येवला हे पैठणीचे मोठे केंद्र आहे. पैठणीला काठ-पदराची जर असल्याने तिची निगा साध्या रेशमापेक्षा अवघड असते. खऱ्या जरीत चांदीची तार असते व ती हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडते. तांब्याच्या तारेची जर त्याहून लवकर काळी पडते. यासाठी पैठणी घरी न धुता ड्रायक्लीनिंगला देणे चांगले. अत्तर किंवा परफ्यूम तिच्यावर कधीही थेट फवारू नये आणि इस्त्री उलट बाजूने, मध्ये पातळ सुती कापड ठेवून, मंद आचेवर करावी.

बिनजरीचे पक्क्या रंगाचे रेशीम घरी धुता येते. त्यासाठी बिया काढलेले दहा-बारा रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करावेत व पाणी गाळून घ्यावे. रिठ्यातील सॅपोनिनमुळे फेस येतो आणि सोड्याचा दाह नसतो. मात्र या पाण्याची तपकिरी छटा फिकट कापडावर उतरू शकते. जैव-विकरयुक्त (एन्झाइम असलेला) डिटर्जंट रेशमाला व लोकरीला वर्ज्य मानावा, कारण त्यातील प्रथिने विरघळवणारी विकरे डागाबरोबर धागाही खातात. क्लोरीनचे ब्लीचही या दोन्ही धाग्यांना घातक आहे.

पाण्याचाही विचार करावा लागतो. कूपनलिकेच्या जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो व तो कापडात बसून पांढरे कपडे मळकट दिसू लागतात. अशा ठिकाणी धुण्यासाठी साठवलेले पावसाचे पाणी उपयोगी पडते.

सुती कपड्याचा रंग मिठाच्या पाण्याने पक्का होतो, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. रंग पक्का होतो तो रंगाईच्या वेळी. नवे गडद कापड पहिल्या काही वेळा वेगळे धुणे हाच खरा उपाय. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तेव्हा घाबरू नये: तो धुऊन उन्हात घातल्यास फिकट होत जातो. रक्ताच्या डागाला मात्र गरम पाणी लावू नये, कारण उष्णतेने प्रथिने गोठून डाग धाग्यात पक्का बसतो.

लोकरीवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी व चोळणी यांनी ते एकमेकांत अडकून कापड आकसते, म्हणून लोकरी कपडा कोमट पाण्यात न घासता बुचकळावा व आडवा पसरून वाळवावा. घोंगडीला ताठपणासाठी चिंचोक्याची खळ दिलेली असते. घोंगडी धुतल्यास हा ताठपणा निघून जातो, त्यामुळे झटकणे व ऊन दाखवणे पुरेसे ठरते.

साठवणीपूर्वी सुती कपड्यातील खळ धुऊन काढावी, कारण खळीतील स्टार्चवर कसर ही कापड खाणारी कीड येते. त्र्यंबक-इगतपुरीकडील दमट पावसाळ्यात बुरशीचे भयही मोठे असते. कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड सुती पुरचुंडीत ठेवावा, कापडाला थेट लागू देऊ नये. पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे; आणि तिची घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी, कारण एकाच मोडीवर जरीची तार तुटते.