पोत्यातला सायलेन्सर

दोन पावसाळे माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली पोत्यात गुंडाळून पडला होता. त्याच्या जागी गाडीला एक आखूड, काळा, बाहेरून घेतलेला सायलेन्सर होता. त्याचा आवाज मला पहिले पंधरा दिवस गोड वाटला, शेजाऱ्यांना एकही दिवस नाही. यंदा दिवाळीनंतर ठरवलं की गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची. चार नट सोडायचे, चार लावायचे, रविवारची सकाळ पुरेल असा माझा हिशेब होता. तीन रविवार गेले.

सायलेन्सर म्हटलं की आपल्याला शेवटचा जाडजूड डबा दिसतो. इंजिनच्या दृष्टीने मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेपासून, त्या डब्याच्या तोंडापर्यंतचा सगळा रस्ता एकच आहे, आणि त्यातला एक तुकडा बदलला तर बाकीच्यांना ते कळतंच.

आधी त्या रस्त्यावरून जातं काय ते पाहू. हिमालयन २०१६ साली आली ती ४११ सीसीचं एकच सिलिंडर घेऊन. तिची सगळ्यात जास्त ओढ, म्हणजे ३२ न्यूटन-मीटर टॉर्क, ४००० ते ४५०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, दरम्यान मिळते. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा धूर सोडतं. म्हणजे ४५०० आरपीएमला सेकंदाला साडेसदतीस वेळा. पूर्ण थ्रॉटलला इंजिन सेकंदाला साधारण १५ लिटर हवा आत ओढतं, आणि तीच हवा बाहेर पडताना तापून जवळजवळ तिप्पट फुगलेली असते. शिवाय व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. कुकरची शिट्टी उडावी तसा तो वायू सुटतो, फक्त इथे सेकंदाला साडेसदतीस शिट्ट्या.

या प्रत्येक शिट्टीबरोबर दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे वायू स्वतः. दुसरी म्हणजे दाबाची लाट, आणि ती वायूच्या कितीतरी पुढे पळते. आपल्या घरातल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. सहाशे अंशांच्या वायूत तोच वेग साडेपाचशेच्या वर जातो. ही लाट पाइपच्या उघड्या तोंडाशी पोचली की सगळीच बाहेर जात नाही. तिचा बराचसा भाग उलटून आत येतो, आणि येताना दाबाऐवजी ओढ घेऊन येतो.

हे पटायला कठीण जातं, म्हणून रेल्वेच्या यार्डात जाऊ. इंजिनाने मालगाडीला मागून धक्का दिला की तो धक्का डब्याडब्यातून खडखडत पुढे जातो. शेवटच्या डब्यापुढे ढकलायला कुणीच नसतं, म्हणून तो मोकळाच पुढे झेपावतो आणि आपल्या मागच्या डब्याला हिसका देतो. तो हिसका मग डब्याडब्यातून परत इंजिनाकडे येतो. गेला तो धक्का, आला तो हिसका. पाइपच्या तोंडाशी नेमकं हेच होतं.

आता हा हिसका व्हॉल्व्हपाशी कधी पोचतो, यावर खेळ आहे. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना क्षणभर दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात. नेमका तेव्हा हिसका आला, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि नवी हवा जास्त शिरते. चुकीच्या वेळी दाब आला, तर धूर आतच तुंबतो. समजा लाट उलटते ती जागा व्हॉल्व्हपासून एक मीटरवर आहे. जाऊन येऊन दोन मीटर, म्हणजे सुमारे ३.६ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ४५०० आरपीएमला क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, ९८ अंश फिरतो, २२५० आरपीएमला फक्त ४९ अंश. लाट तीच, वेळ तीच, पण इंजिन निराळ्या ठिकाणी उभं. त्यामुळे कोणतीही एक लांबी सगळ्या आरपीएमला लाभत नाही. कंपनीने कुठला पट्टा सांभाळायचा ते ठरवून पाइप, आतल्या जाळ्या आणि कप्पे बसवलेले असतात.

गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'बॅकप्रेशर पाहिजे, नाहीतर पिकअप जातो.' निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकीचं. इंजिनला अडथळा कधीच नको असतो, त्याला वेळेवर आलेली लाट हवी असते. मोकळा सायलेन्सर लावल्यावर खालच्या आरपीएमची ओढ गेली, तर ती अडथळा गेल्यामुळे नाही, लाटांचं वेळापत्रक बिघडल्यामुळे गेलेली असते. हिमालयनचं इंजिन ७८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८६ मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची धाव), म्हणजे खालच्या आरपीएमला रेटा देण्यासाठीच बनवलेलं. ताम्हिणीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये सुस्त चढायचं, तर तोच रेटा कामाला येतो. माझ्याकडे डायनो, म्हणजे इंजिनची ताकद मोजणारं यंत्र, नाही, त्यामुळे किती फरक पडला होता ते आकड्यात सांगत नाही. पण गाडी जोरात पळतेय असं मला वाटायचं, त्यात कानाचा वाटा मोठा होता हे आता कबूल करतो.

मूळ सायलेन्सर इतका बोजड का, याचंही उत्तर आवाजाच्या लांबीत आहे. साडेसदतीस हर्ट्झचा तो मूळ ठोका सायलेन्सरमधल्या गरम वायूत सुमारे १३ मीटर लांबीचा असतो. आणि त्याला अडवणारा डबा जेमतेम अर्ध्या मीटरचा! एवढ्या लांब लाटेला नुसतं शोषून घेणं जमत नाही, तिला फसवावं लागतं. म्हणून आत कप्पे असतात. अरुंद नळीतून लाट एकदम रुंद कप्प्यात येते, तिथे तिचा काही भाग मागे फिरतो, मग पुढच्या नळीच्या तोंडाशी आणखी थोडा. या परतीच्या लाटा एकमेकींना आणि येणाऱ्या लाटेला खोडत राहतात. काही कप्पे बाटलीसारखे वागतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकच ठरावीक सूर देते. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अशा पोकळ भांड्यांचा अभ्यास केला, म्हणून त्यांना हेल्महोल्ट्झ अनुनादक म्हणतात. सायलेन्सरमध्ये अशी पोकळी बाजूला जोडली की ती तिच्या सुराच्या आसपासचा आवाज गिळते.

माझ्या आखूड सायलेन्सरमध्ये यातलं काहीच नव्हतं. सरळ भोकाभोकांची नळी आणि भोवती ग्लासवूल. ग्लासवूल चिरके, उंच आवाज छान शोषतं. खालच्या, घुमणाऱ्या ठोक्यापुढे ते हतबल असतं. आणि भिंती, दारं, खिडक्या यांतून आरपार जातो तो नेमका हाच घुमणारा आवाज. रात्री अकराला मी सोसायटीत शिरलो की तिसऱ्या मजल्यावर कळायचं, ते उगीच नाही. त्यात ग्लासवूल उष्णतेने हळूहळू ठिसूळ होऊन उडून जातं, म्हणजे असा सायलेन्सर वर्षागणिक अधिकच ओरडतो.

आपल्याकडे १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कंपनीत मंजुरी मिळताना जाताजाता मोजलेला आवाज ८० डेसिबलच्या आत असावा लागतो. डेसिबलचं गणित फसवं आहे. ८० चे ९० झाले तर आठवा हिस्सा वाढला असं वाटतं, प्रत्यक्षात ध्वनीची ऊर्जा दहापट झालेली असते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट जाणवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाजाचा नियम मोडल्याबद्दल पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तुरुंगवास आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरच्या रांगा आपण बातम्यांत पाहिल्याच आहेत.

आवाजाचं एवढंच. मला जास्त गुंतवलं ते वासाने.

गाडीच्या धुराला पेट्रोलचा उग्र वास यायचा, प्लग काळा व्हायचा, अ‍ॅव्हरेज घसरलं होतं. बेंड पाइपमध्ये बोटाएवढा एक सेन्सर असतो, लॅम्बडा किंवा ऑक्सिजन सेन्सर. त्याचं टोक झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचं. तापल्यावर त्याच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असली, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकाने त्यात वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर जेमतेम ०.१ व्होल्ट, उरला नसेल तर ०.९ च्या आसपास. एवढ्याशा विजेवरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठरवतो की पेट्रोल कमी पडतंय की जास्त. त्याला साधायचं असतं ते १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने. रमतगमत चालवताना तो सतत थोडं इकडे, थोडं तिकडे करत हे प्रमाण धरून ठेवतो.

आता सेन्सरच्या आधी कुठे सांधा सैल असेल तर? धूर बाहेर गळेल असं आपल्याला वाटतं, आणि तो गळतोही. पण प्रत्येक ठोक्यानंतर पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि त्या फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो वाढवत सुटतो. माझ्या गाडीत हेच चाललं होतं. पाइप बदलताना हेडपाशी, म्हणजे पाइप इंजिनला जोडतो त्या सांध्याशी, जुनंच पॅकिंग पुन्हा दाबून बसवलं होतं. थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके फुटायचे आणि मी मित्रांना कौतुकाने ऐकवायचो, ते न जळालेलं पेट्रोल आणि फटीतून आलेली हवा गरम पाइपात भेटल्याचे आवाज होते.

या प्रमाणाचा तिसरा हिस्सेदार म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. काही गाड्यांत तो सायलेन्सरच्या पोटात असतो, काहींत पाइपमध्येच. मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या महागड्या धातूंचा पातळ लेप. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड, न जळालेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा परत साधा नायट्रोजन, असं तिहेरी काम ही जाळी करते. दोन अटी आहेत. ती अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापली पाहिजे, आणि मिश्रण त्या १४.७ च्या अगदी जवळ पाहिजे. पेट्रोल जास्त झालं तर मोनॉक्साइड जाळायला ऑक्सिजन पुरत नाही. त्यातच गाडी मिसिंग करत असेल तर पेट्रोल आणि हवा दोन्ही तशीच जाळीवर येऊन पेटतात आणि जाळी वितळूही शकते.

म्हणून मूळ सायलेन्सर परत लावायचा असेल, तर मोकळ्या सायलेन्सरसाठी सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसवलेली छोटी डबीही काढायला हवी. सेन्सरला खोटं बोलायला लावून जादा पेट्रोल सोडणं एवढंच तिचं काम. ती विसरून नुसता सायलेन्सर बदलणारे बरेच असतात. मीही विसरलो होतो, मेकॅनिकने सीटखाली हात घालून काढली. 'सर, ही राहिली असती तर पीयूसीत नापास,' एवढंच म्हणाला.

पहिला रविवार हेडच्या नटांनीच खाल्ला. स्टड (हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा) आणि नट दोन्ही लोखंडाचे, गंजून एकजीव झालेले. तेल सोडून रात्रभर ठेवलं, मग पाच मिनिटं इंजिन चालवून पाना लावला. नट फिरला, पण स्टडसकट बाहेर आला! नंतर विचार केल्यावर पटलं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गरम हेडमधलं भोक मोठं झालं, स्टड तिथे सैल पडला. नटाशी त्याची गाठ मात्र गंजाने घट्टच होती. नवे स्टड, तांब्याचं ग्रीस, आणि नवं पॅकिंग. ते पॅकिंग दाबलं जाऊन एकदाच आकार धरतं, म्हणून जुनं परत वापरायचं नसतं. मेकॅनिकने सगळे नट आधी हाताने लावले, मग हेडकडून मागे येत एकेक आवळला. एक मीटर स्टेनलेस पाइप चारशे अंशांनी तापला की जवळजवळ सात मिलिमीटर वाढतो. मागचा बोल्ट आधी आवळून पाइप ताणात बसवला, तर ही वाढ हेडच्या सांध्यावर येते.

दुसरा रविवार पोत्यातल्या सायलेन्सरचा. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं. वाफ म्हणून ते निघून जातं, पण थंड सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब जमतात. खाली ठेवलेलं बारीक भोक त्यासाठीच असतं. माझा सायलेन्सर शेवटचा काढला तेव्हा आतून ओला होता, आणि मी तो भोक वर करून ठेवला होता. हलवला तर मूठभर गंजाचा भुगा पडला. तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. ते तारेने फोडून काढलं, आत मेलेल्या कोळ्यांचा साठा होता. नशिबाने पत्रा शाबूत निघाला.

तिसऱ्या रविवारी गाडी सुरू झाली. सेन्सरजवळचा पाइप पहिल्या तासातच सोनेरी-निळा झाला. हे रंग पत्र्यावर चढलेल्या ऑक्साइडच्या पातळ थराचे, साबणाच्या फुग्यावर दिसतात त्याच जातीचे. फटाके थांबले, वास गेला.

चांदणी चौकाच्या पुढे गेल्यावर मात्र डाव्या पायाजवळून एक बारीक खरखर ऐकू येऊ लागली. मला वाटलं पाइप कुठेतरी घासतोय. थांबून पाहिलं, काही नाही. मोठा, घुमणारा आवाज वरच्या पट्टीतले बारीक आवाज कानाआड करतो. ध्वनिशास्त्रात याला आच्छादन म्हणतात, आणि आच्छादन खालून वर जास्त चालतं, वरून खाली कमी. खरखर बहुधा वर्षभर होतच होती. चेन सैल पडली होती आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात अणकुचीदार झाले होते. अख्खा चेनसेट बदलावा लागणार, म्हणजे चौथा रविवारही गेलाच.