हेत्वाभास (वैचारिक लेखनातील)

हेत्वाभास : वरवर कारणासारखा दिसणारा, पण निष्कर्षाचा भार न पेलणारा हेतू. वैचारिक लेख, वाचकांची पत्रे, वादविवाद स्पर्धेतली भाषणे अशा सगळीकडे तो आढळतो. शोधणारे बहुधा खोटे वाक्य शोधत बसतात. प्रत्यक्षात वाक्ये खरी असतात आणि त्यांना जोडणारा ‘म्हणून’ कच्चा असतो. वाक्ये खरी असल्यामुळेच तो नजरेतून सुटतो.

‘जायकवाडी भरले, म्हणजे यंदा मराठवाड्यात पाऊस बरा झाला’ हे वाक्य घ्या. पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, येणारे पाणी मोठ्या प्रमाणावर वरच्या नाशिक-अहिल्यानगर भागातल्या पावसाचे असते. तिकडे झोड पाऊस झाला की इकडे धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. त्याच दिवशी लातूर-धाराशिवकडच्या एखाद्या गावात टँकरची वाट पाहणे चालू असू शकते. धरण भरणे आणि स्थानिक पाऊस यांची सोबत कधी असते, कधी नसते. अशा हेतूला न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राची परंपरा, ‘सव्यभिचार’ म्हणते.

गौतमांच्या न्यायसूत्रांत हेत्वाभास पाच आहेत : सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही संख्या पाचच, पण सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित अशी नावे येतात. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने 13 प्रकार सांगितले. न्यायसूत्रांत छल, जल्प, वितंडा यांची गणना वेगळी आहे. हेतू फसणे ही एक गोष्ट आणि वाद जिंकण्यासाठी डाव टाकणे ही दुसरी. हल्लीच्या तर्कदोषांच्या याद्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ असते, त्यामुळे चुकलेल्या लेखकावर लबाडीचा शिक्का लगेच बसतो.

सगळी भिस्त व्याप्तीवर, म्हणजे हेतू आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) यांच्या अतूट साहचर्यावर असते. न्यायातले आग-धुराचे उदाहरण कापूस पिकवणाऱ्या घराला सांगावे लागत नाही. चुलीत ओली पऱ्हाटी सारली की डोळे चुरचुरतात. रसरशीत निखाऱ्याला मात्र धूर नसतो. धूर दिसला तर आग आहे असे म्हणता येते. आग आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण ओले जळण ही अट त्यात न सांगता गृहीत धरलेली असते. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. परक्याच्या लेखातली उपाधी चटकन दिसते, आपल्या लेखातली शोधावी लागते.

2015 आणि 2019 मध्ये छत्रपती संभाजीनगरहून (तेव्हाचे औरंगाबाद) विमाने उडवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. फवारणीनंतर सरी आल्या, म्हणून प्रयोग यशस्वी, असे म्हणणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडण्याला कार्यकारणभाव मानणे. दिवस पावसाळ्याचेच होते. तशाच पण फवारणी न केलेल्या ढगांचे काय झाले, हे कळल्याशिवाय श्रेय देता येत नाही. ‘आमच्या शिवारात थेंब पडला नाही, म्हणजे सगळे थोतांड’ हा उलटा निष्कर्षही तितकाच लंगडा.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण हंडीतला भात एकाच आचेवर शिजलेला असतो. गावाचे शिवार तसे नसते. नदीकाठची काळी भारी जमीन आणि माळावरचे मुरमाड रान एकाच सर्व्हेत येतात. पीक कापणीचा प्रयोग कुठल्या प्लॉटवर झाला यावर आकडा हलतो. पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) 50 पैशांच्या आत की वर, यावरून दरवर्षी होणाऱ्या वादाचे मूळ पुष्कळदा इथे असते. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’तला हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टांत याच चुकीबद्दल आहे.

‘उसाला ठिबक सक्तीचे करा’ या मागणीला ‘हे ऊसच बंद करायला निघालेत’ असे उत्तर मिळते, तेव्हा प्रतिपक्षाच्या जागी बुजगावणे उभे केलेले असते. ‘तुम्ही पुण्यात राहता, तुम्हाला दुष्काळ काय कळणार?’ या प्रश्नाचा निवाडा थोडा नाजूक आहे. समोरचा डोळ्यांनी पाहिल्याचे सांगत असेल, तर तो कुठे राहतो हे विचारणे रास्त. तो आकडे मांडत असेल, तर आकडेच तपासायचे.

साध्यसमाचा, म्हणजे जो हेतू साध्याइतकाच असिद्ध असतो त्याचा, आढळ अनुशेषावरच्या (विकासातल्या साचलेल्या तुटीवरच्या) लेखांत फार. प्रदेश मागास आहे कारण अनुशेष भरला नाही. अनुशेष आहे याचा पुरावा काय, तर प्रदेश मागास आहे. 1983 साली नेमलेल्या दांडेकर समितीने हे चक्र तोडले : प्रत्येक क्षेत्रासाठी राज्याची सरासरी हा मापदंड धरून तूट मोजली. त्या मापदंडावर आक्षेप घेता येतो, आणि वाद पुढे सरकायला तेवढे पुरते.

लेख हातावेगळा करण्याआधी ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘म्हणजेच’ या शब्दांखाली रेघ मारावी आणि प्रत्येकासाठी एक तरी विरुद्ध उदाहरण शोधावे. ‘मराठवाडा’ लिहिले असेल तिथे तालुका किंवा महसूल मंडळ म्हणायचे होते का, हे पाहावे. विरोधकाचे म्हणणे त्याने स्वतः सही करावी इतके नीट मांडावे. हे सगळ्यांत जड जाते.

हेत्वाभास दाखवल्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, तो फक्त असिद्ध राहतो. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करत राहण्याला न्यायसूत्रांत वितंडा म्हटले आहे.