तुळईतील कर्तन प्रेरणा, नमन परिबल व नमन प्रतिबल

तुळईवर भार आला की तिच्या प्रत्येक छेदात (तुळई आडवी कापल्यास दिसणाऱ्या पृष्ठभागात) दोन गोष्टी निर्माण होतात. छेदाच्या दोन बाजूंना एकमेकींवरून वर-खाली सरकवू पाहते ती कर्तन प्रेरणा आणि तुळईला बाक आणते ते नमन परिबल.

पुण्याच्या पेठांतील वाड्यांत कडीपाटावरील मातीच्या थराचा भार पाटांवरून कड्यांवर, कड्यांवरून तुळईवर आणि तिथून खांबांवर उतरतो. दोन खांबांमधील गाळा ४ मीटर आणि तुळईवरचा भार दर मीटरला १० किलोन्यूटन धरल्यास प्रत्येक टेकूवर २० किलोन्यूटन कर्तन प्रेरणा येते. मध्याकडे जाताना ती घटत शून्य होते. नमन परिबल टेकूंवर शून्य आणि नेमके मध्यावर सर्वाधिक, २० किलोन्यूटन-मीटर असते. गाळा दुप्पट केला तर कर्तन प्रेरणा दुप्पट होते, परिबल मात्र चौपट. वाड्यांचे खण आटोपशीर राहिले त्यात हेही एक कारण मानायला हरकत नाही.

वाकलेल्या तुळईचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. या दाबाचे-ताणाचे दर एकक क्षेत्रफळावरचे प्रमाण म्हणजे नमन प्रतिबल. मधल्या उदासीन अक्षावर, म्हणजे जिथे दाब नाही आणि ताणही नाही अशा रेषेवर, ते शून्य असते. नमन परिबलाला उदासीन अक्षापासूनच्या अंतराने गुणून छेदाच्या निरूढी परिबलाने (आकारामुळे छेद वाकण्याला किती विरोध करतो त्याच्या मापाने) भागले की त्या अंतरावरचे प्रतिबल मिळते. वरील तुळई १५० × ३०० मिमी. असून ३०० मिमी.ची बाजू उभी ठेवून बसवली, तर वरच्या-खालच्या कडेचे प्रतिबल सुमारे ८.९ न्यूटन प्रति चौ. मिमी. येते, तीच आडवी टाकली तर १७.८. लाकूड तेवढेच, प्रतिबल दुप्पट! गॅलिलीओने १६३८ मध्ये भिंतीत रोवलेली तुळई खालच्या कडेभोवती फिरते आणि ताण सगळ्या छेदावर सारखा असतो असे मानल्याने आयताकृती छेदाची ताकद तिप्पट आली होती. फ्रेंच अभियंते नाव्ह्ये यांनी १८२६ मध्ये उदासीन अक्ष छेदाच्या मध्यबिंदूतून नेला. अक्षाजवळचा माल नमनात फारसा कामाला येत नाही, म्हणूनच पुणे मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या तुळया आतून पोकळ, पेटीसारख्या असतात.

काँक्रीट ताणात फार दुबळे. त्यामुळे साध्या बीममध्ये मुख्य सळया खाली असतात आणि टेकूंजवळ कर्तनासाठी सळयांभोवतीच्या रिंगा कमी अंतरावर बांधतात. मध्यावर खालून वर जाणारी उभी भेग नमनाची, टेकूजवळची तिरकी भेग कर्तनाची. दुसरी अधिक धोक्याची, कारण कर्तनाने बीम फारशी पूर्वसूचना न देता मोडतो. भिंतीतून बाहेर काढलेल्या गॅलरीत ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून सळया वर लागतात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली त्या दबून खाली गेल्या, तर नकाशा कितीही अचूक असो, गॅलरीचा बराचसा आधार तिथेच जातो.